न संपणारी बाटली

"या गल्लीतून करपा एक पान जरी पुढे सरकला ना, तर मिशी उतरवून देईन!"

असं डॉक्टरांनी भर चौकात सांगितलं आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या! डॉक्टर म्हणजे झाडांचे हं! झाडांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात ते नोकरीला. परदेशातून आलेला काळा करपा हा रोग कुठे पोचला, किती पसरला, यावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्याच गल्लीत मास्तरांनी बाहेरून आणलेल्या गुलाबावर तो सापडला, आणि डॉक्टरांना हुरूप चढला.

दर मंगळवारी स्वारी निघायची. तोंडाला मास्क, हातात मोजे, कमरेला कात्री आणि स्पिरिटची बाटली. एक नंबरच्या घरातल्या मास्तरांच्या गुलाबापासून सुरुवात करून प्रत्येक घरी झाडाची एक डहाळी कापायची, पिशवीत भरायची, कात्री स्पिरिटने पुसायची, की पुढचं घर! नियम म्हणजे नियम.

"बाकीचे लोक आठवड्याला बाटली संपवतात," ते ऑफिसात ऐटीत सांगायचे. "माझी महिना झाला तरी भरलेलीच! हात राखून वापरावं लागतं, बाबांनो."

फक्त एका घरात त्यांची डाळ शिजेना. तेही स्वतःच्याच! अंगणात सासऱ्यांनी लावलेलं डाळिंब होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायच्या, त्याच्याशी चार गोष्टी बोलायच्या.

"आई, फक्त एक डहाळी," डॉक्टर म्हणाले.

"जावईबापू, कात्री आत ठेवा! माझं झाड ठणठणीत आहे."

इकडे डॉक्टरांच्या नकाशावर रोगट झाडांचे लाल ठिपके वाढायला लागले. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात आठ! चौथ्या आठवड्यात तर अख्खी गल्ली गोवर आल्यासारखी दिसायला लागली. डॉक्टरांची झोप उडाली. त्यांनी कंपास घेऊन नकाशावर एक मोठं वर्तुळ काढलं. वर्तुळातली सगळी झाडं मुळापासून काढायची! आणि वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध काय होतं? डाळिंब!

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" बायको कडाडली. "बाबांची एवढी एकच आठवण राहिलीय आईजवळ!"

"मला काय आनंद होतोय का? पण हवेतून पसरतोय गं तो!"

शनिवारी झाडं कापणारे आले, तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन डाळिंबाला टेकून बसल्या. डोळ्यांना पदर लावला होता. ते बघून डॉक्टरांनी मान खाली घातली आणि तसंच करवतवाल्यांना खूण केली.

तेवढ्यात केंद्राच्या मोठ्या मॅडम येऊन ठेपल्या.

"थांबा! मला आधी नकाशा दाखवा." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "डॉक्टर, हा करपा घर नंबर एकवरून दोनला, दोनवरून तीनला, असा ओळीने कसा गेला? वाऱ्याला घरांचे नंबर कळतात?"

"अं... म्हणजे..."

"आणि नवे ठिपके दर वेळी तुमच्या मंगळवारनंतरच कसे? या ओळीने आणि याच वारी गल्लीत कोण फिरतं?"

डॉक्टरांनी कमरेची बाटली उपसली. "मी... पण मॅडम, मी दर झाडानंतर कात्री पुसतो! स्पिरिटने! ही बघा बाटली!"

मॅडमनी बाटली हुंगली. पुन्हा हुंगली. तळहातावर दोन थेंब घेतले.

"डॉक्टर, हे पाणी आहे."

मास्क लावून फिरणाऱ्या माणसाला वास कुठून येणार! मागून सासूबाईंचा आवाज आला.

"अय्या, ती बाटली होय! चष्मा पुसायला फार छान हो ते. काच कशी लख्ख होते! उणं झालं की मी नळाखाली धरून भरून ठेवायचे. कुणाची वस्तू अर्धी करून ठेवणं बरं दिसतं का?"

झालं! पाण्याने पुसलेल्या कात्रीवरून गल्लीत करपा पसरवला होता तो गल्लीच्या डॉक्टरांनी, नियम पाळून पाळून! मॅडमनी सासूबाईंच्या परवानगीने डाळिंबाचं पान न् पान तपासलं. एक डाग नाही. सगळ्या गल्लीत तेवढं एकच झाड निरोगी होतं, कारण त्याला डॉक्टरांचा हात लागला नव्हता. वर्तुळ रद्द झालं, करवती परत गेल्या. बाकीच्या झाडांच्या रोगट फांद्या तेवढ्या छाटायच्या ठरल्या, आणि घरोघर जाऊन बोलणी खायचं काम डॉक्टरांकडे आलं.

संध्याकाळी ते पडलेल्या चेहऱ्याने घरी आले, तर मास्तर आणि निम्मी गल्ली अंगणात हजर.

"डॉक्टर, ते मिशीचं काय ठरलं?"

बायकोने कात्री पुढे केली. डॉक्टरांनी सवयीने बाटलीकडे हात नेला आणि घाबरून मागे घेतला.

"पुसा, पुसा, बिनधास्त पुसा," डाळिंबाखालून सासूबाई म्हणाल्या. "आज खरं स्पिरिट आहे त्यात. आत्ताच चष्मा पुसून बघितलाय मी!"