क्रौंचसाहेबांचं लांबलेलं भाषण

एका जंगलात एक शाळा होती. शाळा म्हटली की अध्यक्ष आलेच. इथल्या अध्यक्षांचं नाव रेडेराव.

शाळेशेजारी एकच तळं. उजाडलं की रेडेराव त्यात उतरत आणि दिवस मावळेपर्यंत डुंबत. पाणी इतकं गढूळ की बेडकाला बेडूक दिसत नसे. तेच पाणी मुलं पीत आणि पोट धरून बसत.

बाळांनो, टिटवीने समुद्र आटवला असं तुम्ही ऐकलं असेल. ती टिटवी वेगळी. या शाळेत शिकवणाऱ्या टिटवीबाईंना साधं तळं निवळवता येत नव्हतं. त्यांच्या वर्गातली भुरी ससुली पुन्हा आजारातून उठून आली, तेव्हा नुसते कानच उरले होते.

बाईंनी एकदा धीर केला. "अध्यक्षसाहेब, जरा काठावर बसलात तर..."

"हे तळं माझ्या आजोबांनी तुडवलंय, बाई," रेडेराव म्हणाले. "तुम्ही आपले पाढे बघा."

पिकतं तिथं विकत नाही, हे बाईंनी ओळखलं. बाहेरचा कुणी मोठा बोलला तर अध्यक्ष ऐकतील. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून क्रौंचसाहेब येत. जगभरच्या पाणवठ्यांच्या आरोग्याचे ते प्रमुख. बारा गावचं सोडा, बारा देशांचं पाणी प्यायलेले. बाईंनी त्यांना शाळेत भाषणाला बोलवायचं ठरवलं. रेडेराव लगेच कबूल झाले. अध्यक्षस्थानी कोण, एवढंच त्यांनी विचारलं.

ठरल्या दिवशी रेडेराव सकाळीच डुंबून थेट व्यासपीठावर आले. तळ्याचा नुसता चिखल झाला होता.

बाईंनी पाहुण्यांना बाजूला घेतलं. "साहेब, एकच वाक्य बोला. पिण्याच्या पाण्यात कुणी डुंबू नये. बस."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," साहेब म्हणाले.

मग स्वागतगीत झालं. माकडांना एकच कडवं येत होतं, म्हणून ते चारदा झालं. रेडेरावांनी साहेबांना शाल घातली, ती मानेवरून घसरली. साहेबांनी रेडेरावांना घातली, ती पाठीला पुरेना. दुसरी शोधून आणेपर्यंत सगळे टाळ्या वाजवत राहिले.

शेवटी साहेब उठले. "अशा तळमळीच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत..."

बाईंनी मान खाली घातली.

साहेबांनी हिमालयाच्या पलीकडून सुरुवात केली. दुपार टळली तरी ते अजून हिमालयातच होते. ते एक वाक्य काही येईना.

भुरीने पंजा वर केला. "साहेब, चांगलं पाणी कुठून आणायचं?"

"फार सुंदर प्रश्न," साहेब म्हणाले. "असेच प्रश्न विचारत राहा." आणि समोरचा गढूळ पेला हळूच बाजूला सारून त्यांनी पंखाखालच्या स्वतःच्या बाटलीतून घोट घेतला.

बाईंना रडू आलं. मुलांना दिसू नये म्हणून त्यांनी तळ्याकडे तोंड फिरवलं.

तळाचे गोटे दिसत होते. एक मासा दिसत होता, त्याचे खवलेसुद्धा.

बाईंनी रेडेरावांकडे पाहिलं. ते खुर्चीत गच्च बसले होते. पाठ खाजत होती, जीव पाण्यात होता, पण पाहुणे बोलत असताना अध्यक्षाला उठता येत नाही.

बाई भुरीच्या कानाशी वाकल्या. "जा, पोटभर पिऊन ये. मग एकेकाला पाठव."

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता मी आवरतं घेतो."

"नको, साहेब," बाई घाईने म्हणाल्या. "मुलांचं अजून समाधान झालेलं नाही."

साहेबांना भरून आलं. ते पुन्हा हिमालयावर चढले.

आपल्या भाषणाने तळी निवळतात, असं साहेब आता देशोदेशी सांगतात. ते खोटं आहे असं कुणी म्हणावं?

शाळेत आता रोज पाहुणे येतात. काल गिधाडकाका लोकसेवेवर बोलले. अध्यक्षस्थानी रोज रेडेराव. सूर्य कलल्यावर ते पाण्यात उतरतात, पण तोवर मुलं पाणी पिऊन घरी गेलेली असतात. भुरी टुणटुणीत झाली आहे. तिला पाढे येत नाहीत, आभारप्रदर्शन मात्र तोंडपाठ आहे.

तात्पर्य : थोरांच्या भाषणाने प्रकृती सुधारते. फक्त त्यांनी मुद्द्यावर येता कामा नये, आणि अध्यक्षांना उठू देता कामा नये.