दीडशे लेईत ऊब

"थंडीला पैसा लागत नाही, डॉक्टर, डोकं लागतं!"

हे वाक्य तोआदेरने डॉक्टर सेव्हेरिन यांच्या गळ्यावर वस्तरा टेकवून उच्चारलं, त्यामुळे डॉक्टरांना लगेच वाद घालता आला नाही. सेव्हेरिन गावातले दातांचे डॉक्टर आणि शिकारी मंडळाचे अध्यक्ष. तोआदेर गावचा न्हावी, आणि त्याच मंडळात शिरायला सहा वर्षं धडपडणारा उमेदवार. दर हिवाळ्यात त्याचा अर्ज कुठल्या ना कुठल्या खुसपटाने परत यायचा.

डॉक्टरांनी नुकतंच बॅटरीवर तापणारं जाकीट घेतलं होतं. तीन हजार लेई! एवढ्या पैशांत तोआदेरच्या दुकानात नवी खुर्ची आली असती.

"अंगाला लागून घाम टिपणारा थर, त्यावर ऊब धरणारा, सगळ्यात वर वारा अडवणारा. आणि सुती कापड? शत्रूलाही घालू नये! दीडशे लेईत सगळं बसवून दाखवतो."

वस्तरा बाजूला झाल्यावर डॉक्टरांना कंठ फुटला. "शनिवारी रानडुकरांच्या शिकारीचा हाका आहे. माझ्या शेजारी तीन तास उभा राहा. बंदूक नाही, बडबड नाही, कुडकुडणं नाही. जमलं तर अर्जावर सही. नाही जमलं तर हिवाळाभर अख्ख्या मंडळाची दाढी फुकट!"

जुने कपडे किलोवर विकणाऱ्या दुकानात तोआदेर दोन दिवस ढिगारे उपसत होता. लष्करी पँट मिळाली, बर्फावर घसरायची फुगीर विजार मिळाली, कोळ्याचा मेणकापडी कोट मिळाला. जाड लोकरीचा स्वेटर एकच उरला होता, तोही बायकी. छातीवर चमचमत्या टिकल्यांचा हंस! पण लोकर अस्सल. अंगालगतच्या थरासाठी मात्र त्याच्या मापाचं काही मिळेना.

"तुझी ती गुलाबी लेगिंग दे ना," तो बायकोला म्हणाला.

पारास्किवा म्हणाली, "ने. पण फाटली तर तूही परत येऊ नकोस."

शनिवारी सगळे थर चढवल्यावर त्याने उजवा हात वर केला की डावा पाय आपोआप उचलला जाई. तासाभराची चढण. चढताना अंगावर कमी ठेवायचं, बाकीचं पोहोचल्यावर घालायचं, हे ज्ञान तो खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला फुकट वाटत आला होता. पण कोट काढला तर हंस दिसणार! अध्यक्षांच्या देखत! तो तसाच चढत राहिला. वर पोहोचेपर्यंत आत धोबीघाट झाला होता.

मग वारा सुटला. घामाने भिजलेला स्वेटर पापडासारखा कडक झाला. तोआदेरने दात आवळले, तरी कुठून तरी कडकड कडकड ऐकू येतच राहिली.

"डॉक्टर, मी नाही हो!"

"म-म-मला माहीत आहे!" डॉक्टर कसेबसे म्हणाले. बॅटरी थंडीने अर्ध्या तासात मेली होती. जन्मभर दुसऱ्यांचे दात धरणाऱ्या माणसाला स्वतःचे आवरेनात. "पाय गेले माझे! तुझ्याकडे काही आहे का पायात घालायला?"

तोआदेरने लष्करी पँट देऊ केली. पण डॉक्टरांची महागडी विजार इतकी बेतून शिवलेली की तिच्याखाली अंगाला चिकटणाऱ्या कपड्याखेरीज काही शिरलं नसतं. तसा कपडा एकच होता.

"सही आधी," तोआदेर म्हणाला.

डॉक्टरांनी तोआदेरने खिशातून काढलेल्या अर्जावर सही केली, अर्ज आपल्याच खिशात घातला आणि बंदूक झाडाला टेकवली. दोघं प्रतिष्ठित नागरिक बर्फात विजारी उतरवून उभे राहिले. लेगिंगमध्ये डॉक्टरांचा एकच पाय गेला होता, आणि समोरच्या झुडपातून डुक्करीण बाहेर आली. मागे पाच पिलं. दहा पावलांवर ती थांबली. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, तोआदेरकडे पाहिलं, गुलाबी रंगाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पिलांना घेऊन शांतपणे निघून गेली.

थोड्या वेळाने डुकरं हाकणारे आले, तोवर दोघांच्या विजारी चढल्या होत्या. "डुकरं तुमच्याच अंगावर धाडली होती, डॉक्टर! गोळी का नाही झाडली?"

"हा न्हावी शिंकला!" डॉक्टर म्हणाले आणि अर्जाच्या खिशावर हलकेच थोपटलं.

तोआदेरने उघडलेलं तोंड मिटलं. "सर्दी आहे," तो म्हणाला.

सोमवारी डॉक्टरीणबाई आउरिका दुकानात आल्या. हातात गुलाबी लेगिंग, धुतलेली, इस्त्री केलेली.

"तोआदेर, गावातल्या सगळ्या भानगडी तुझ्या कानावर येतात. ही कुणाची? शनिवारी आमच्या ह्यांच्या अंगावर होती."

अर्ज गुरुवारच्या बैठकीत मंजूर व्हायचा होता. बोललो तर मंडळ गेलं, गप्प बसलो तर डॉक्टरांचा संसार! तोआदेरने क्षणभर विचार केला आणि मंडळ निवडलं.

"नाही बुवा. कधी पाहिली नाही."

तेवढ्यात कोपऱ्यात कापलेले केस झाडणारी पारास्किवा ताठ उभी राहिली. "अगंबाई! ही तर माझी!"

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून उठलं आणि बाहेर पळालं. एवढी बातमी घेऊन कोण बसून राहील!

दोन्ही बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग दोघींनी तोआदेरकडे पाहिलं. पारास्किवाच्या हातात झाडू होता. तोआदेरने सगळं सांगून टाकलं, बॅटरीपासून डुकरिणीपर्यंत. आउरिकाबाई रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हणजे ती तिथे उभी राहून बघत होती?"

"चांगलं निरखून, बाई."

गुरुवारपर्यंत डुकरिणीची गोष्ट गावभर झाली होती; बैठकीला एवढी गर्दी झाली की खुर्च्या कमी पडल्या. डॉक्टरांनी मान खाली घालून अर्ज पुढे केला. सभासदांनी खूप वेळ टाळ्या वाजवल्या आणि तोआदेरला एकमताने मंडळात घेतलं. डॉक्टरांनी नव्या सभासदाच्या कामाबद्दल फक्त एक दुरुस्ती सुचवली, तीही एकमताने मंजूर झाली.

तेव्हापासून मंडळ डोंगरावर गेलं की तोआदेर पायथ्याशी रश्श्याची भली मोठी कढई ढवळत असतो. जाळ असा की नुसत्या शर्टावरही घाम फुटतो. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलंच तर तो छाती काढून सांगतो, "शिकारी मंडळाचा सभासद आहे मी! हा रस्सा होय? हे आपलं... आवड म्हणून!"