ओरडण्याची तालीम

फुटबॉल खेळायला शिकवणारे उस्ताद जगात पुष्कळ असतील. आमचे जुमा उस्ताद फुटबॉल बघणाऱ्यांना ओरडायला शिकवत.

शुक्रवारची नमाज आणि जेवण आटोपलं की दुबईच्या देऱ्यातल्या रेताड मैदानाच्या कडेला ते आम्हा रत्नागिरीकरांना रांगेत उभं करत. मैदानात पोरं खेळत असत. तिकडे उस्तादांची पाठ, तोंड आमच्याकडे. मी कापडाच्या पेढीवरचा कारकून, शेजाऱ्याच्या कोंबडीवरसुद्धा कधी ओरडलो नव्हतो. माझा आवाज ऐकून ते कपाळाला हात लावत. "गले से नहीं इब्राहिमभाई, पेट से. खलास, फिर से."

खेळणं काय, शेंबडं पोरही शिकतं, असं त्यांचं म्हणणं. आणि हे म्हणायचं कुणी? झांझिबारच्या या लेफ्ट विंगरनं एके काळी आफ्रिकेचा अख्खा किनारा गाजवला होता! काथ्याचा चेंडू करून समुद्राच्या वाळूत सुरुवात केली आणि अनवाणी पायांनी पार मोंबासापर्यंत नाव काढलं. ते खेळायचे त्या दिवशी लवंगांचे व्यापारी वखारी बंद ठेवत, असं गलबतांवरचे खलाशी शपथेवर सांगत. इथल्या खाडीतून पैलतीरी नेणारा अब्रावाला, म्हणजे होडीवालासुद्धा, त्यांच्याकडून भाडं घेत नसे. झांझिबारात क्रांती झाली तेव्हा उस्ताद मिळेल त्या गलबतावर चढले आणि दुबईत येऊन एका गोदामाचे राखणदार झाले. आता पोट सुटलं होतं. मैदानात उतरा म्हटलं की त्यांना नेमकं गोदामाचं कुलूप आठवे.

त्यांची बायको मरियमबीबी तिकडेच राहिली होती. झांझिबारात त्यांचं घर मैदानाला लागूनच. पडद्यातली बाई, तिनं नवऱ्याचा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. भिंतीपलीकडचा गलका ऐकून ती गोल ओळखायची. तिकडे निघालेल्या प्रत्येक नाखव्याबरोबर उस्ताद निरोप धाडत, जुमा दुबईत अजून खेळतो म्हणून. आणि आता ती येणार होती. दुसरा कुणी असता तर पोट उतरवायला भात सोडून धावायला लागला असता. उस्तादांनी आम्हाला तयार करायला घेतलं.

एकदा मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बस, उसके कान में मैं वही जुमा रहूँ, भाई."

मरियमबीबी आल्या आणि मैदानाजवळच्याच एका झावळ्यांच्या घरात राहू लागल्या. त्या शुक्रवारी उस्ताद मैदानात उतरले. पहिल्याच धावेत त्यांना धाप लागली. शेवटी पोरांनी चेंडू त्यांच्या डाव्या पायाशी आणून ठेवला, आणि आमच्या गावचा हुसैन गोलकीपर होता तो शहाण्यासारखा बाजूला सरकला. उस्तादांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. चेंडू गोलावरून जो गेला तो थेट समुद्राकडे.

आम्ही गप्पच झालो. उस्ताद आमच्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मग मात्र आम्ही ओरडलो, अगदी पोटातून ओरडलो. हुसैनसुद्धा ओरडला.

संध्याकाळी माझी बायको रुकय्या त्यांच्याकडे सांदणं घेऊन गेली. परत येऊन तिनं आधी दार लोटून घेतलं. मरियमबीबींनी तिला हळूच सांगितलं होतं की गोल झाला नाही. गोल होतो तेव्हा आवाज एकदम फुटतो. आज आधी सगळे गप्प झाले. झांझिबारातही शेवटची दोन-तीन वर्षं असंच ऐकू यायचं.

मग उस्तादांना कधी बोलला नाहीत, असं रुकय्यानं विचारलं.

"वो घर आते ही पूछते हैं, सुनाई दिया? मैं कहती हूँ, बहुत जोर से."

म्हणजे तिकडे झांझिबारातही कुणी इब्राहिमभाई रांगेत उभे असणार!

पुढच्या शुक्रवारी उस्तादांनी पाय उचलायच्या आधीच मी ओरडलो.