तात्यांचे घाऊक कॉर्डलेस

जन्मभर मार्केट यार्डात वांगी विकलेल्या माणसाला एकच वस्तू घेता येत नाही, हे मला तात्यांकडे आल्यावर कळलं. कंगवा एक हवा असला तर तात्या डझन आणतात. "किरकोळ घेनारा बुडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःला चष्मा लागला तेव्हा भाव पडावा म्हणून त्यांनी शेजारच्या तिघांनाही नेऊन चष्मे घ्यायला लावले. त्यातल्या भिवानानांना नंबरच नव्हता. तात्या दिसले की ते अजून चष्मा लावतात.

मी चांद्याकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. इथं लासुर्ण्यात ओळख ना पाळख. तात्यांनी वस्तीवर खोली दिली, रानात काम दिलं. त्यामुळे त्यांचं सगळंच मला मान्य असतं. फक्त छातीत धडधडतं.

मागच्या साली तात्यांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायू झाला. वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. आम्ही खालच्या रानात असताना एकदा त्या खाटेवरून पडल्या, ते आम्ही येईपर्यंत तशाच. तेव्हापासून तात्यांनी कॉर्डलेस फोनचा ध्यास घेतला. बैठा फोन खाटेशी, बिनतारी रिसीव्हर तात्यांच्या कमरेला. काकूंनी बटण दाबलं की रानात वाजलं पाहिजे. खालच्या रानापर्यंत पोचणारा स्वस्तातला फोन कुठला, एवढाच प्रश्न होता.

बारामतीच्या दुकानात तात्यांनी रिसीव्हर उचलला आणि बोलत बोलत सरळ रस्त्याला लागले. "हॅलो, येतंय का ऐकू? आता रसवंतीपाशी हाय!" दुकानदारानं घाबरून माझी कॉलर धरली आणि तात्या येईपर्यंत सोडली नाही. तात्या परत आले आणि म्हणाले, "ह्यो मंडईपातूरच जातोय. दुसरा दावा."

असे चार रिसीव्हर बारामतीभर फिरले. शेवटी एक पसंत पडला, पण दुकानदार भाव सोडेना.

"पाच घेतो," तात्या म्हणाले.

"तात्या, पाच कुणाला?" मी हादरलोच.

"वस्तीवर नवे फोन आल्यात न्हवं चौघांच्यात? कुठला कॉर्डलेस घ्यावा, त्यांना काय कळतंय!"

छपरावर बांबू, बांबूवर एरियल, असं पाचही घरांवर उभं राहिलं. तात्या खालच्या रानात जाऊन थांबले. काकूंनी बटण दाबलं, आणि पाचही रानांत एकदम घंटा वाजली! एकाच खोक्यातला माल, सगळे फोन एकाच चॅनेलवर. त्या दिवसापासून भिवानाना जावयाला काय बोलतात ते सगळ्यांना कळू लागलं. शेजारच्या हौसाक्काची सून माहेरी फोनवर सासूचे गुण सांगत होती, ते हौसाक्कानं वांगी तोडता तोडता पूर्ण ऐकलं.

"तात्या, तुमच्या घाऊकपायी माझं घर फुटायची येळ आली!" हौसाक्का दारात येऊन ओरडली.

दुकानदार वेगवेगळ्या चॅनेलचे फोन बदलून द्यायला तयार होता. पुढच्या बाजारी जायचं ठरलं.

त्याआधीच एका दुपारी शेजाऱ्यांच्या रानांत घंटा वाजली. उचलला तर पलीकडून शब्द नाही, म्हणजे काकूच. तात्या पाट फोडायला पार टोकाला गेले होते, तिथवर रिसीव्हर पोचत नव्हता. मी मोटरपाशी होतो. बघतो तर हौसाक्का बांधावरून पळतेय, भिवानाना चष्म्यासकट पळतायत. मी धावत जाऊन तात्यांना ओरडून सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा पडलेल्या काकूंना खाटेवर घेऊन झालं होतं. हौसाक्का त्यांचं कपाळ पुसत होती, सून चहा पाजत होती.

तात्या दारातच थबकले. मग बाहेर येऊन हौदाच्या काठावर बसले. बराच वेळ धाप कमी होईना.

"आता चॅनेल बदलायचं न्हाय," ते म्हणाले. "मी नसलो तरी तिची हाक आता वाया जात न्हाय."

तात्या पायांचा चिखल बोटानं काढत राहिले. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले,

"पर बटन तिनं माझ्यासाठीच दाबलं असंल, व्हय ना रं?"