जे. वंत यांची नवी कॅसेट

तहानेने जीव चालला असला, तरी जयवंतदादांच्या दुकानात सोडा लगेच मिळत नसे. गोटीच्या बाटलीवर अंगठा ठेवून, डोळे मिटून, मान हलवत ते आधी मोजायचे, "वन्, टू... वन्, टू, थ्री!" आणि बरोबर ठेक्यावर गोटी आत जायची. मोजणं मध्येच बिनसलं की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक बिचारं जीभ कोरडी करून उभं. एकदा मालवण गाडीचा कंडक्टर वैतागून ओरडला, "अहो, गाडी सुटतली माजी!"

"गाडी सुटली तर सुटांदे," दादा डोळे न उघडता म्हणाले. "ठेको सुटता नये."

दादा पन्नाशीला टेकलेले, बिनलग्नाचे. गंजीफ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि डोळ्यांवर काळा गॉगल. आमच्या गावातले ते एकमेव पॉप गायक. बाकी सगळं गाव भजनात. कॅसेटीवर ते नाव घालत 'जे. वंत'. मोठ्या गायकांची नावं अशीच तोडलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. भावगीतांची पहिली कॅसेट त्यांनी सोड्याच्या क्रेटांबरोबर फुकट वाटली होती. लोक प्रामाणिक. रिकाम्या बाटल्यांबरोबर त्यांनी कॅसेटीही परत केल्या.

पण गोव्याला जाऊन आल्यापासून माणूस पार बदलला. शाळेतला एक सोबती तिकडे हॉटेलात कुक होता. त्याने दादांना स्वयंपाकघराच्या दारातून क्लब दाखवला. बस्स. तेव्हापासून कशाचंही नाव काढा, दादा म्हणणार, "क्लबात असा नसता." ग्रामपंचायतीची सभा, लग्नाची पंगत, गावची पालखी, सगळ्याला एकच माप. एकदा माझ्या बायकोने त्यांना सोलकढी दिली, तर पेला रिकामा करून तिलाही तेच ऐकवलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, ते मला अजून कळलेलं नाही.

"पण दादा, त्या क्लबात होतं तरी काय?" मी एकदा विचारलं.

"एकटो माणूस उठता आणि नाचता, मास्तरानू! कोणाची कोण, कोणाचो कोण, कोणच इचारणत नाय. आमच्याकडे बगा. शिमग्यात नाचतत, ता देवाचा. गौरीक फुगडी, तीय देवाची. आणि थंय पण सगळ्यांका बोलावणत नाय." मग गॉगल पुसत म्हणाले, "मी नाचाची कॅसेट काढतंय. माका एकच व्हया. कॅसेट लागली काय एक तरी माणूस आपसूक उठाक व्हयो. एक उठलो तरी पावलो."

मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो आणि दादांच्या शेजारी राहायचो. एवढ्या पात्रतेवर मला गीतकार, रेकॉर्डिस्ट आणि लाइटवाला अशा तीन जागा एकदम मिळाल्या. काव्याचा माझा अनुभव म्हणजे चुलतभावाच्या लग्नातली मंगलाष्टकं. त्यामुळे निम्म्या गाण्यांत नकळत 'सावधान' येऊन बसलं. मी खोडायला निघालो, तर दादांनी पेन्सिल धरली. "रवांदे. नाचतलो माणूस सावध व्हयोच."

स्टुडिओ म्हणजे दुकानामागचं काजूचं गोदाम. चारी बाजूंनी पोती रचली की आवाज घुमत नाही, हा दादांचा शोध. बोटीवरच्या भाच्याने आणलेला कॅसिओ कीबोर्ड, देवळातला पखवाज आणि तालाला सोड्याच्या बाटल्या. काजूच्या धुळीने मला ऐन गाण्यात सणसणीत शिंक आली. मी मान खाली घालून उभा राहिलो. दादांनी टेप उलटी फिरवून ऐकली. "ठेक्यात इली," म्हणाले, आणि ती शिंक कॅसेटमध्ये कायमची राहिली.

रेकॉर्डिंग चालू असताना मागच्या दारी दादांची धाकटी बहीण, शालूताई, बाटल्या धूत असायची. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती दादांच्याच घरी राहिली. बोलणं कमीच. गाणं संपलं की दादा दारातून डोकं काढून विचारत, "कसा झाला गो?" ती म्हणे, "तुजा तुका म्हायत." आणि पुढची बाटली विसळायला घेई.

कॅसेटीच्या प्रकाशनाला दादांना गोदामात काळोख हवा होता. सरपंच ऐकेनात.

"काळोख नुको हां, जयवंता! बायलमाणसां येतली. ट्यूब पेटाक व्हयी."

"क्लबात असा नसता, सरपंचानू."

"मगे क्लबातच कर!"

ट्यूब पेटली. कोणीतरी शाळेतल्या खुर्च्या आणून ओळीने मांडल्या. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. समईच्या जोडीला मी रंगीत जिलेटीन गुंडाळलेले बल्ब टांगले होते, ते तूर्त बंद. नारळ फोडायची वेळ झाली तशी शालूताई उठून अगदी मागे, पोत्यांपाशी जाऊन बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नसे.

कॅसेट सुरू झाली. भाच्याचा मोठा टेप, लाइटीचा भरवसा नाही म्हणून त्यात सेल घातलेले. काय आवाज निघाला! पण लोक बसले होते हाताची घडी घालून, शोकसभेला बसावेत तसे. पहिलं गाणं संपलं. टाळ्या. दुसरं संपलं. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटून हात जोडले.

दादांनी गॉगल काढला. तो नसताना ते एकदम म्हातारे दिसले.

"एक पण उठाक नाय वो, मास्तरानू."

मला राहवेना. म्हटलं, निदान रंगीत दिवे तरी लावू. सायन्सच्या पुस्तकात दाखवलंय तसंच मी सगळं जोडलं होतं. बटण दाबलं. मीटरच्या बोर्डावर फट्ट झालं, जळका वास आला आणि बल्बांबरोबर ट्यूबही गेली. समई पंख्याच्या वाऱ्याने आधीच विझली होती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. टेप मात्र सेलवर चालूच.

"कोण तो गाढव?" सरपंचांचा आवाज.

गाढव फ्यूजची तार शोधत, भिंत चाचपत बोर्डाकडे गेलं. तिथे दादा आधीच उभे होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नकात."

"अहो, पण..."

"आयका."

आधी एक चप्पल वाजली. नुसती, ठेक्यावर, जमिनीवर आपटल्यासारखी. मग दुसरी. मग खुर्ची सरकली. कोणीतरी खुदकन हसलं, कोणीतरी "मेल्या, पाय माजो!" म्हणालं. आणि बघता बघता अख्खं गोदाम दणदणायला लागलं.

"दादा, उठले! अहो, सगळे उठले! तुम्हीही जा की!"

दादा जागचे हलले नाहीत. माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलले, की त्या दणक्यात मला जेमतेम ऐकू आलं.

"शाली उठली काय वो?"

काळोखात मला माझे हातही दिसत नव्हते.

"न्हान असताना फुगडी घाली, तर वाडी उभी रवान बगी," ते म्हणाले. "नवरो गेल्यार कोणी हाक मारूक नाय. थंय क्लबाच्या दारात माका तीच आठवली."

आम्ही दोघे बोर्डाला पाठ लावून ऐकत राहिलो. गोंधळात काही कळेना. आणि मग मागून, पोत्यांच्या बाजूने, तो आवाज आला. फुगडी घालताना बायका तोंडाने काढतात तो. फू... फू... फू... कॅसिओच्या ठेक्यात बरोबर बसलेला, आधी दबकत, मग भरभरून. एकटीचा नव्हता. फुगडीला दोघी लागतात. समोरून तिचे हात कोणी धरले होते, देव जाणे.

दादांनी माझं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

तेवढ्यात खट्ट. कॅसेटची बाजू संपली. गोदाम जागच्या जागी थबकलं.

"मास्तरानू," दादांनी मला पुढे ढकललं, "धावा! पालटा, पालटा!"

मी धावलो. पहिल्याच रांगेत सरपंचांच्या खुर्चीवर जाऊन आदळलो. खुर्ची रिकामी होती. लंगडत टेपापर्यंत पोहोचलो, बोटांनी कॅसेट काढली, फिरवली, आत बसवली. कोणी खोकलंसुद्धा नाही. काळोखात सगळं गाव माझ्या अंगठ्याची वाट बघत उभं होतं.

मी बटण दाबलं.