पाहुण्याला मोटारसायकल विकत नाहीत

लायसन्स मी लग्नाआधीच काढलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारसायकलवरून, प्लास्टिकच्या शंकूंमधून नागमोडी जात, एकही शंकू न पाडता. लग्नानंतर ते बाकीच्या सामानाबरोबर सासरी आलं आणि टेबलक्लॉथच्या घडीत जाऊन बसलं. लायसन्स होतं, मोटारसायकल तेवढी नव्हती. (पुष्कळांचे संसार असेच असतात म्हणे. पण माझा अजून नवीन आहे, मी बोलू नये.)

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा डोंगर दिसतो. डोंगरावर रस्ता चढतो, एका अक्रोडाच्या झाडापाशी वळतो आणि दिसेनासा होतो. त्या वळणापलीकडे द्रिना नदी आहे आणि द्रिनेच्या काठावर माझ्या आईचं घर. भांडी घासताना माझे हात बशीवर असतात आणि मी अक्रोडापाशी असते. त्यामुळे आमच्या घरात बशा फार स्वच्छ असतात. एकेक बशी मी तीनतीनदा घासते.

पूर्वी त्या रस्त्याने बस जायची. माणसं मिळत नाहीत म्हणून बंद केली. (मी होते की! पण एका माणसाला माणसं म्हणत नाहीत.) घरात एक गाडी आहे, ती नवरा कामावर नेतो. "रविवारी नेतो तुला," असं रास्तको दर सोमवारी सांगतो. मग मी आईला फोन करते. मी काही बोलत नाही, तीही फार बोलत नाही. ती फोन खिडकीबाहेर धरते आणि मला नदी ऐकवते. थोड्या वेळाने तिला वाटतं मी रडतेय, मग फोन आत घेऊन ती टोमॅटोच्या भावाबद्दल बोलते.

शेवटी एकदा जेवताना मी म्हणाले, "मी मोटारसायकल घेतेय."

सासूबाई सूप वाढत होत्या. स्मिल्या त्यांचं नाव. पळी हवेतच थांबली.

"कोण घेतंय?"

"मी."

"कशाला?"

"आईकडे जायला."

"का? मी काय तुला उपाशी ठेवते?"

"तसं नाही, आई."

"तू थांब, दुन्या," रास्तको पाव मोडत म्हणाला. "मोटारसायकलमधलं तुला काय कळतं? ते मी बघतो."

रास्तको पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहे. मोटारसायकलवर तो जन्मात बसलेला नाही, त्यामुळे तिच्याविषयीची त्याची मतं अजून कोरी करकरीत आहेत.

पेंडीच्या दुकानाच्या दारावर एक चिठ्ठी लागली होती. "मोटारसायकल. उभी आहे. ओब्रेन, चर्चमागे, ब्रेझोव्हिक." बस्स. चालते का, कुठल्या सालची, काही नाही. उभी आहे. मला ती चिठ्ठी आवडली. मीही उभीच होते.

"फोन नाही करायचा," रास्तको म्हणाला. "आधी कळवलं की माणूस गाडी पुसतो, भाव चढवतो. न कळवता जायचं. त्याला बेसावध गाठायचं."

"आणि तुम्हा दोघांना तो गाठेल तेव्हा?" असं म्हणून सासूबाईही निघाल्या. त्यांनी चर्चचा काळा कोट घातला, काखेत घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली घेतली आणि हातात अक्रोडाच्या केकचा डबा. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाणं त्यांना कपडे न घालता जाण्यासारखं वाटतं.

"आई, आपण घासाघीस करायला चाललोय!"

"मग? घासाघीस करताना तोंड गोड नको?"

ब्रेझोव्हिकला पोचलो तर ओब्रेनच्या अंगणात गाड्याच गाड्या. कुंपणाला लागून ट्रॅक्टरसुद्धा.

रास्तको पांढरा पडला. "बघ! किती गिऱ्हाइकं! म्हटलं नव्हतं, गाडी चांगली असणार?"

तेवढ्यात दारात एक उंच म्हातारा आला. पांढरा शर्ट, गाल लाल, हातात ट्रे. आम्हाला बघून त्याने दोन्ही हात पसरले. (ट्रेसकट. दोन ग्लास गेले.)

"या, या! आणि इतका उशीर? सूप निवलं की!"

आतून भाजलेल्या डुकराचा आणि मेणबत्तीचा वास आला. सासूबाईंनी रास्तकोच्या दंडाला असा चिमटा घेतला की मला दुखलं.

"गाढवा, आज लुका आहे! यांच्या घरच्या संताचा दिवस!"

आता यात रास्तकोची तरी काय चूक? आमच्या घरचा संत हिवाळ्यात येतो, आणि आमच्या गावात संत लुका कुणाच्याच घरी नाही. पण घरच्या संताच्या दिवशी कुणाला बोलावणं जात नाही. ज्याला यायचं तो न बोलावता येतो, चांगले कपडे घालून, काखेत बाटली आणि हातात केक घेऊन. म्हणजे अगदी आम्ही आलो तसा. अशा दारात उभं राहून "आम्ही गिऱ्हाईक आहोत" म्हणायला जी छाती लागते ती आमच्या तिघांत मिळूनही नव्हती.

मेणबत्तीपुढे आम्हाला संताच्या नावाने शिजवलेला गोड गहू दिला. छातीवर क्रूसाची खूण करून एकेक चमचा खाल्ला. मग टेबलाशी बसवलं. यजमान त्या दिवशी बसत नाही. ओब्रेन उभाच, एकेकाचा ग्लास भरत. पाहुण्याला "तू कोण?" विचारणं वाईट दिसतं, म्हणून शेजारच्या काकूंनी लांबून सुरुवात केली.

"वडील कसे आहेत?"

"वारले," रास्तको म्हणाला.

"अरेरे! रादिवोये वारला?"

रास्तकोच्या वडिलांचं नाव खरंच रादिवोये होतं. तो दचकून म्हणाला, "हो, झाली काही वर्षं."

"ऐकलंत का? रादिवोये गेला! आणि आपल्याला कुणी कळवलं नाही!"

"कुठला रादिवोये?"

"मिलेवाबाईचा धाकटा! हा त्याचा मुलगा. नाक बघा की, तेच."

सगळ्या टेबलाने नाक बघितलं. सगळ्या टेबलाला पटलं. कुणीतरी मिलेवाच्या धाकट्यासाठी ग्लास उचलला, मग सगळ्यांनी उचलले. सासूबाईंनी आपल्या नवऱ्याच्या नावाने एका परक्या रादिवोयेसाठी डोळे पुसले. त्यात खोटं किती होतं, मला सांगता येणार नाही.

सूप झालं, कोबीच्या पानात गुंडाळलेला सार्मा झाला, डुक्कर आलं. रास्तको आता मिलेवाच्या सगळ्या नातवंडांची खुशाली सांगत होता. मी गप्प माणूस; गप्प माणसाला एक फायदा असतो, ते उठून गेलं तरी टेबलाचा आवाज कमी होत नाही. मी उठले आणि अंगण ओलांडून कोठारात शिरले.

ती उभी होती.

मक्याच्या कणसांच्या ढिगाला टेकून. एका आरशात कोळ्याचं जाळं, दुसरा आरसा नव्हताच. हँडलला कांद्याची माळ टांगलेली, टाकीवर भोपळा ठेवलेला, टायर सासूबाईंच्या टाचांसारखे भेगाळलेले. सीटच्या पुढच्या भागात एक तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि जागची हलली नाही. कब्जा तिचा होता.

मी मागे बसले. समोर कोंबडी, मागे मी. डोळे मिटले आणि डोंगर चढायला लागले.

"तिथेच बसायचे मी."

दारात एक बारकी म्हातारी उभी होती, ॲप्रनला हात पुशीत. ओब्रेनची बायको, रुझा.

मी उठायला गेले तर तिने हातानेच बस म्हटलं. "जन्मभर मी तिथून प्रवास केला. याच्यामागे बसून मी समुद्राला गेले, सारायेव्होला गेले. लोक विचारायचे, रुझा, कसा होता गं समुद्र? मी काय सांगू? ओब्रेनच्या मानेवर उजवीकडे एक तीळ आहे."

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

"तू मिलेवाकडची नव्हेस."

"नाही."

"गाडीसाठी आलात?"

मी मान हलवली. मग कसं कोण जाणे, मी तिला अक्रोडाचं झाड सांगितलं. फोनमधली नदी सांगितली. एवढं मी लग्नात शपथ घेतानाही बोलले नव्हते.

रुझाने कोंबडीला उचलून काखेत घेतलं. "सरक. पुढे बस."

सीट उबदार होती. मी अंड्यांच्या पुढे, टाकीला चिकटून बसले आणि हँडल धरलं. कांदे हलले. ब्रेक दाबून बघितला. काही झालं नाही, पण हाताला ते फार बरं वाटलं.

"एक पाहुणी कमी दिसतेय!" बाहेरून ओब्रेनचा आवाज आला. यजमान हरवलेला पाहुणा शोधत निघाला होता, ट्रे घेऊन. त्याच्यामागे अर्धं टेबल, आणि सगळ्यांच्या पुढे रास्तको. त्याच्या पोटात इतकी दारू गेली होती की आता तिथे खोट्याला जागा उरली नव्हती.

"यजमान!" त्याने ओब्रेनच्या खांद्यावर हात टाकला. "तू देवमाणूस आहेस. तुला मी फसवणार नाही. मिलेवा कोण ते मला माहीत नाही. आम्ही ही गाडी घ्यायला आलोय!"

फक्त कोंबडी काहीतरी म्हणाली.

ओब्रेनचे लाल गाल उतरले. "आज? माझ्या संताच्या दिवशी, सौदा करायला?"

"नाही नाही, अजून भाव कुठे काढलाय!" रास्तको म्हणाला. (हा माझा नवरा.)

सासूबाई पुढे आल्या. "यजमान, चूक आमची. पोराला अक्कल नाही, ती त्याच्या बापाकडून आली नाही. पण तुमचा गहू आम्ही मनापासून खाल्ला."

"क्रूस करून?"

"क्रूस करून."

ओब्रेनने बराच विचार केला. "मग तुम्ही पाहुणे. आणि पाहुण्याला माझ्या घरात मी काही विकत नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

इतका वेळ मी हँडल धरूनच होते. ते सोडलं. अक्रोडाचं झाड लांब गेलं, आईची खिडकी लांब गेली. मी एक पाय उचलला, अंडी फुटू नयेत म्हणून जपून.

"उतरू नकोस," रुझा म्हणाली. मग नवऱ्याला, "बरोबर आहे तुझं. विकायची नाही. देऊन टाक."

"माझी गाडी?"

"मला कधी पुढे बसू दिलंस? मी मागितलं नाही म्हणू नकोस."

ओब्रेन गाडीकडे बघत राहिला. मग भोपळा उचलून त्याने काकूंच्या हातात दिला, कांद्याची माळ गळ्यात घातली आणि ट्रे माझ्यापुढे धरला.

"घे, सूनबाई. पण दर लुकाला यायचं. न बोलावता."

परतताना मोटारसायकल ओब्रेनच्या शेजाऱ्याच्या ट्रॉलीत होती, आमची गाडी त्या शेजाऱ्याचा मुलगा चालवत होता आणि रास्तको तिच्या मागच्या सीटवर आडवा. "बघितलंस?" तो पुटपुटला. "न कळवता जाण्याचा फायदा."

हिवाळाभर त्याने गाडी खोलली. नटबोल्ट सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांत ठेवले. आमच्या संताच्या दिवशी ओब्रेनचं सगळं घर न बोलावता जेवायला आलं, मिलेवासुद्धा, आणि तिच्या पुढ्यात मिरच्यांऐवजी वॉशरची बरणी गेली. जोडून झाल्यावर मूठभर सामान उरलं. रास्तको म्हणाला, "ते जास्तीचंच असतं." मी गाडी, मूठभर सामान आणि नवरा, तिन्ही शहरातल्या गॅरेजमध्ये पाठवलं. दोन गोष्टी दुरुस्त होऊन आल्या.

मग आलुबुखार फुलले. अंगणात मी रोज चकरा मारल्या, बादल्यांमधून, एकही न पाडता. आणि एका सकाळी हेल्मेट घातलं. आईला कळवलं नव्हतं. एकटीच वर चढणार होते, अक्रोडापाशी इंजिन बंद करणार होते आणि आधी, फोनशिवाय, नदी ऐकणार होते. सगळा हिवाळा मी ती एकच गोष्ट मनात घोळवली होती.

किक मारली. गाडी सुरू झाली. आणि सासूबाई बाहेर आल्या. चर्चचा काळा कोट. डोक्यावर रास्तकोचं हेल्मेट. हातात केकचा डबा.

"रिकाम्या हाताने माहेरी निघालीस? लोक मला काय म्हणतील?"

"द्या, मी नेते."

"वळणावर सांडशील. मी धरते." असं म्हणत त्या मागे चढल्यासुद्धा. मग जरा थांबून, हळूच, "त्या डोंगरापलीकडे मी तुझ्या लग्नातच काय ती गेले. तेही वऱ्हाडाच्या गाडीत, मधे कोंबून. दिसलं काहीच नाही."

मी निघाले. रस्ता चढला, घर लहान झालं, खिडकी लहान झाली. अक्रोडापाशी मी थांबले, इंजिन बंद केलं. खाली द्रिना होती, हिरवी, सबंध, आणि तिचा तो आवाज. आईच्या धुराड्यातून धूर येत होता. मी हेल्मेट काढलं.

"आई," मी म्हणाले, "ती बघा नदी."

मला वाटलं, त्याही बघताहेत.

"मला इथून कुठली नदी दिसतेय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझी मान दिसते. आणि दुन्या, बशा तीनतीनदा घासतेस, तर मानेवरही एकदा साबण फिरवत जा गं."