गायकवाड मॅडमना करकर चालत नाही

धायरीतल्या आमच्या सोसायटीत गाडी चुकीच्या जागी लावली तर कोणी काही बोलत नाही. पण गाडी आवाज करत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सीटवर चिठ्ठी असते. वहीचा चतकोर कागद, निळं बॉलपेन, ठसठशीत अक्षर. ‘मागचे बेअरिंग गेले आहे. आपल्याला ऐकू येत नसल्यास आधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. – शशिकला गायकवाड, तळमजला.’

गायकवाड मॅडम एका आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणाऱ्या मुलांना शिकवत असत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज निवृत्त झाला नव्हता. फ्लॅट पार्किंगला लागून, खिडकी कायम उघडी. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस एकदा सहज म्हणाला, “चालतंय की, मॅडम.” त्याला त्यांनी लिफ्टसमोरच पंधरा मिनिटं झापलं. “चालतंय काय? अजून पडलं नाही, असं म्हणा!” तेव्हापासून तो आमच्याकडे यायचं टाळतो.

मला चिठ्ठी आली ती सायकलच्या आवाजावरून. मी हिंजवडीत नोकरी करते, आठवडाभर खुर्चीत बसते आणि रविवारी सिंहगडाच्या वाटेवर प्रायश्चित्त घेते. त्यासाठी डोंगरात चालणारी सायकल घेतली होती. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यात खड्डे सोसायला स्प्रिंग असलेली. दुकानातली मुलं त्याला फोर्क म्हणतात. चार महिन्यांत तो करकरायला लागला. ब्रेक दाबला की करर्र, चढावर जोर लावला की करर्र. तीनदा दुकानात नेली. तिन्ही वेळा मालकाने ग्रीस लावून परत दिली. “सगळ्याच फोर्कचा थोडा येतो, मॅडम. चालतंय.”

मग चिठ्ठी. ‘सायकल ओरडते आहे. मालकीण झोपली आहे काय?’

मी संतापले. चिठ्ठी घेऊन तशीच खाली गेले आणि बेल वाजवली.

“साठे ना तुम्ही? दुसरा मजला,” मॅडम दारातूनच म्हणाल्या. “काम काय करता?”

“सॉफ्टवेअर टेस्टिंग.”

“म्हणजे चुका शोधायचा पगार घेता.”

“हो.”

“मग स्वतःच्या सायकलची का नाही शोधलीत?”

मी भांडायला गेले होते. परत आले ती शनिवारी सकाळी सात वाजता सायकल घेऊन हजर राहायचं कबूल करून.

मॅडमच्या मागच्या बाल्कनीत तुळस, कुंड्या वगैरे काही नव्हतं. एक लोखंडी बाक होता आणि त्यावर वस्तू आवळून धरायचा एक जाडजूड व्हाइस बसवलेला होता. नटबोल्ट फिरवायचे पाने उंचीप्रमाणे टांगलेले. मी उत्साहाने म्हटलं, “मला वाटतं, आवाज हँडलमधून येतोय.”

“वाटतं? अंदाज नको, साठे. अंदाज सांगायला ज्योतिषी आहेत.”

त्यांनी आधी चाकाचा दांडा घट्ट केला. ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायला लावली. करर्र. मग हँडल काढलं, खालच्या तुकड्यावर तळहाताने जोर दिला. करर्र. बेअरिंग काढून पुसलं, नवीन ग्रीस भरून पुन्हा बसवलं. करर्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ऐकायचं. मी दोन गोष्टी एकदम सोडवायला गेले तर हातावर फडकं बसलं. “दोन बदलल्यात तर गुन्हेगार कोण, कसं कळणार?”

अकरा वाजले. माझी सायकल बाल्कनीभर पसरली होती. “अहो मॅडम,” माझा स्वर चढला, “उद्या ग्रुपबरोबर सिंहगडावर जायचंय मला! तुम्ही सगळी खोलून ठेवलीत!”

“जा की. पायी जा.”

शेवटी त्यांनी फोर्क सायकलमधून बाहेर काढला. वरून निघणारी नळी कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये पकडली आणि खालचे दोन्ही पाय धरून पिळले. करर्र. आता आजूबाजूला दुसरं काहीच उरलं नव्हतं. मॅडमनी नळी जिथे आडव्या जोडात घुसते तिथे बोट ठेवलं आणि मला परत पिळायला सांगितलं. डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“रॉकेल आणा. कपाटात, खालच्या खणात.”

रॉकेलने तो भाग भिजवला, थोड्या वेळाने कोरडा पुसला, मग खडू घासून पांढरा केला. आम्ही दोघी बघत बसलो. पाचेक मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. नळीच्या बुंध्याभोवती, जवळजवळ अर्धा वेढा.

तडा होता. त्यात मुरलेलं रॉकेल खडूवर उतरलं होतं. उतारावर नळी तुटली असती तर हँडल माझ्या हातात आणि चाक दरीत गेलं असतं. मॅडमचे कान लाल झाले.

“तीनदा! तीनदा ग्रीस लावलं त्या माणसाने! चला. स्कूटर काढा.”

दुकानात फोर्क त्यांनी काउंटरवर आपटला. मालक हसत म्हणाला, “काकू, सगळ्याच फोर्कचा थोडा...”

“काकू घरी. इथे बोट ठेवा. काय लागतंय?”

त्याने बोट ठेवलं. हसणं थांबलं. “वॉरंटीत बसतंय का, बघतो.”

“बघू नका. द्या.”

मग त्या दारात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पांढरा खडू लावलेला तडा दाखवू लागल्या. तिसरं गिऱ्हाईक येईपर्यंत नवा फोर्क आतून आला.

एवढा राग या बाईंमध्ये येतो कुठून, हे मला कळेना. माझ्या मानेची काळजी म्हणावी, तर परतताना त्या माझ्यावरच ओरडत होत्या.

दोन रविवारांनंतर सकाळी त्या गेटवर उभ्या दिसल्या. लोणी काळभोरला जायचं होतं आणि दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं होतं. त्यांना काय ऐकावं लागलं असेल याची मला कल्पना आली. मी म्हटलं, “मी सोडते.” सोलापूर रस्त्यावर त्यांनी चार ट्रकवाल्यांना आणि माझ्या स्कूटरच्या सैल डाव्या आरशाला झापलं.

उसाच्या शेताला लागून दोन खोल्यांचं घर होतं. दारात त्यांच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, केस मोकळे सोडून. उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी.

“किती उशीर, शशे! ऊन वर आलं.”

“रिक्षा मिळेना, प्रमिला.”

“कारनं नगं सांगूस. बस.”

“बरं,” गायकवाड मॅडम म्हणाल्या. मी चमकून बघितलं. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली आणि फणी काढली आणि प्रमिलाताईंच्या मागे बसल्या.

माझी नजर हाताकडे गेलेली प्रमिलाताईंनी पाहिली. “हडपसरला कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होतो गं दोघी. प्रेस करकराय लागला. हिनं ऐकलं, सायबाला सांगितलं. सायब म्हनला, चालतंय. ही गप बसली. बावीस वर्साची पोर, नवी नोकरी, काय करनार? दुपारी प्रेस खाली आला.” जरा थांबून म्हणाल्या, “चाळीस वर्सं येतीय येनी घालाय. म्या म्हनते, सून हाय की माझी. ऐकत न्हाई.”

“मान सरळ ठेव,” मॅडम म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण मला तो ओळखू आला नाही.

वेणी शेंड्यापर्यंत आली. प्रमिलाताईंनी डाव्या हाताने ती चाचपली आणि तोंड वाकडं केलं. “लई घट्ट झालीया. डोकं दुखतंय. तुला अजून जमंना बघ.”

मॅडमनी रिबीन सोडली, सगळी वेणी उलगडली, केसांतून एकदा बोटं फिरवली आणि पुन्हा वरून, हलक्या हाताने, घालायला सुरुवात केली.